कप्पे चार, पुढे काय?

हृदयाला कप्पे किती? सातवी-आठवीतलं कुठलंही पोर सांगेल, 'चार!' ठोके मिनिटाला साधारण ७२, तेही पाठ. आता जरा वेगळं विचारून बघा. छातीत दुखून दरदरून घाम फुटला, तर काय करायचं? 'पित्त असेल, सोडा प्यायचा.' मुलांचं तरी काय चुकलं? घरात आपण हेच बोलतो ना!

सिरसाळ्यासारख्या गावात हे उत्तर जिवावर बेतू शकतं. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, मागे उरतात आजी आणि नातवंडं. आजीला त्रास झाला, तर १०८ ला फोन करणारं तेच लेकरू असतं. अंबाजोगाईचं मोठं सरकारी रुग्णालय काही हाकेच्या अंतरावर नाही. घरगुती उपायांत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. त्यातून बाईमाणसाचं दुखणं छातीतच असेल असंही नाही. जबडा, पाठ दुखते, मळमळतं, दम लागतो, आणि ती म्हणते, 'काही नाही गं, दमलेय.'

दुसरा प्रश्न घशाचा. घसा दुखून ताप येतो, आपण हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवतो. पण काही जंतुसंसर्गांवर वेळेत औषध झालं नाही, तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. धोका जास्त ५ ते १५ या वयात, म्हणजे शाळकरी पोरांनाच!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. पण मुलांना हृदयाबद्दल काय ठाऊक आहे, हे कोण तपासणार? २९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाला घोषवाक्यांऐवजी शाळांनी दहा प्रश्नांचा कागद द्यावा. नाव नको, गुण नकोत. चुकलेलं शिकवावं आणि दिवाळीनंतर तोच कागद पुन्हा द्यावा. काय उमगलं, ते कळेल.

आणि मैत्रिणींनो, नुसतं शाळेवर ढकलून चालणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी आणायला पोरालाच पाठवायचं? मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही इतकंच मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात लोणचं, पापड, वरून मीठ! पोरं वहीतलं विसरतील, ताटातलं नाही.