लिफ्टच्या आधीच्या पाच पायऱ्या

आमच्या सोसायटीला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बिल्डरने जोतं उंच घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. सात वर्षांचा होता तेव्हा वॉचमन, इस्त्रीवाला, मी, कुणीही त्याला उचलून घेई. आता तो एकोणीसचा आहे. मिसरूड फुटलंय, आणि दोघांनी मिळून आपल्याला सिलिंडरसारखं उचलावं हे त्याला नको असतं. म्हणून तो खाली येत नाही.

सर्वसाधारण सभेत त्याच्या आईने रॅम्पचा विषय काढला. ‘अहो वहिनी, आम्ही आहोत ना! हाक मारा की,’ सेक्रेटरी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. घोळ तिथेच आहे. नाक्यावर चहा प्यायला जायचं तर हाक कुणाला मारायची, आणि दिवसातून किती वेळा?

तरी रॅम्प झाला. पाच पायऱ्या म्हणजे साधारण अडीच फूट उंची. फूटभर चढायला १२ फूट उतार हवा, म्हणजे आम्हाला ३० फूट लागत होते. केला आठ फुटांचा, कारण पुढे एका गाडीची जागा आहे. ती गाडी माझी. सभेत मी गप्प बसलो होतो. आता त्या घसरगुंडीवरून स्कूटर झकास चढते. गणपतीत तिथेच मांडवाचे बांबू उभे राहिले. वर्गणी मात्र तिसऱ्या मजल्यावरूनही घेतली.

समाजात राहण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच लिहिलाय. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात केंद्राला बजावलं. आमच्या फलकावर असलं काही लागत नाही. पार्किंगच्या दंडाचे दर लागतात.

जागा सोडतो, असं पत्र मी कमिटीला दिलंय. भिंतीकडेने वळवला की उतार बसतो. हे सांगायला वर गेलो तर तो हसला. जरा अडखळत, सावकाश म्हणाला, ‘पण काका, खाली माझ्या ओळखीचं आहे कोण?’

त्याच्या वयाची चार मुलं बिल्डिंगमध्ये आहेत. संध्याकाळी पार्किंगमध्ये कॅरम खेळत होती, म्हणून त्यांना विचारलं. तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते त्यांना ठाऊक होतं. त्याचं नाव एकालाही सांगता आलं नाही.