सरूचे लाड नकोत

फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच, सडपातळ, बारमाही हिरवं झाड हवं असेल, तर सरू लावा. नर्सरीत ‘सायप्रस’ म्हणून मागा. हा मूळचा पूर्व भूमध्य सागराकाठचा आणि इराणचा. मुघलांना तो फार प्रिय. आग्र्याला इतमाद-उद-दौलाच्या मकबऱ्यावरच्या दगडी जडावकामातही तो दिसतो. झाड १०-१२ मीटर वाढलं तरी घेर मीटरभराचाच, म्हणून छोट्या अंगणालाही चालतो.

घेताना एक बघा. बियांपासून केलेली सगळीच रोपं सडपातळ होत नाहीत, म्हणून कलमाचं किंवा फांदीपासून केलेलं रोप घ्या. आणि मोरपंखी म्हणजे सरू नव्हे! तिची पानं पंख्यासारखी चपटी असतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सरू तहानेनं कमी मरतो, लाडानं जास्त. पाणी साचून मुळं कुजली की झाड वरून सुकल्यासारखंच दिसतं. मग आपण काय करतो? आणखी एक बादली ओततो. तेव्हा पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. दोन इंचांखालीही ओल लागली, तर बादली परत ठेवा. पहिली एक-दोन वर्षं मात्र पाणी द्यावंच लागतं. माती वाळली की एकदाच, पण भरपूर.

काळ्या मातीत लावताना अर्धा फूट उंचवटा करा. दिवसभर ऊन हवं. मुंबई-कोकण किंवा कोलकात्यासारख्या ठिकाणी मी तरी जमिनीत लावणार नाही. मोठी कुंडी घ्यावी, तिच्याखाली थाळी ठेवू नये.

आतल्या बाजूची थोडी जुनी पानं तपकिरी होऊन गळतात, त्याला घाबरू नका. उन्हाळ्यात बाहेरची पानं धुळकट, निस्तेज दिसली तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके चालताना दिसले, तर ती कोळी कीड. सकाळी पाइपनं झाड जोरात धुवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा.

छाटणी हिरव्या भागापुरतीच. तपकिरी लाकडापर्यंत कापलंत तर तिथे सहसा पुन्हा फुटवा येत नाही, भोक पडतं ते कायमचं. एखादी फांदी बाहेर कलली असेल तर कापू नका, सुती दोरीनं आत बांधा. दोरी काचायच्या आत सैल करा.