गरिबी हटली म्हणजे जात हटली का? खैरलांजीचा धडा

सिहोरा-तुमसर भागातली आपली मुले समाजशास्त्राचा पेपर लिहितात, स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. विषमता, दारिद्र्य आणि भेदभाव हे शब्द त्यांच्या पुस्तकात एकाच प्रकरणात येतात, त्यामुळे अनेकांना ते एकाच गोष्टीची तीन नावे वाटतात. हाच घोळ आज आरक्षणाच्या चर्चेतही आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

दारिद्र्य म्हणजे जगण्यासाठी लागणाऱ्या साधनांची कमतरता. विषमता म्हणजे जमीन, शिक्षण, सत्ता आणि मान यांची असमान वाटणी. भेदभाव म्हणजे जन्मावरून माणसाला मिळणारी वागणूक. तिन्ही एकमेकांत गुंतलेले असले तरी एक संपला म्हणून दुसरा आपोआप संपत नाही.

याचा पुरावा आपल्याच भंडारा जिल्ह्यात आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची जमावाने हत्या केली. भैयालाल तेवढे वाचले. या कुटुंबाकडे सुमारे पाच एकर शेती होती. मुले शिकत होती, प्रियंका बारावीपर्यंत पोहोचली होती. शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता आणि सुरेखाताई मागे हटत नव्हत्या. सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली तेव्हा मायलेकींनी आरोपींना ओळखून पोलिसांना नावे सांगितली. तेच आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हल्ला झाला.

केवळ गरिबी हेच कारण असते तर गावातल्या सर्वात गरीब घरावर हल्ला व्हायला हवा होता. हल्ला झाला तो जमीन राखणाऱ्या, मुलींना शिकवणाऱ्या आणि साक्ष देणाऱ्या घरावर. हल्लेखोर बहुतेक इतर मागासवर्गीय समाजातले, शेतीवरच जगणारे होते. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्याचा अर्थ इथे कळतो. या उतरंडीत प्रत्येक पायरीला आपल्या खालची पायरी वर येण्याची भीती वाटते. खुद्द बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून 1917 मध्ये बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती.

1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावर निकाल दिला. त्यात न्या. भूषण गवई यांच्यासह चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींनाही क्रीमी लेयर लावण्याच्या बाजूने मत मांडले. आठवडाभरातच केंद्रीय मंत्रिमंडळाने तसे करणार नसल्याचे सांगितले, पण चर्चा थांबलेली नाही. या मतामागची चिंता खोटी नाही. भूमिहीन मजुराच्या मुलापर्यंत संधी पोहोचत नाही, हे आपण आपल्या वस्तीत रोज पाहतो. त्यावर वेळेवर शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि चांगली सरकारी शाळा हे उपाय आहेत, आणि त्यासाठी आपणच आग्रह धरला पाहिजे. पण पगार वाढला म्हणजे जातीची वागणूक संपली, हे गृहीतक खैरलांजीने खोटे ठरवले आहे. उत्पन्नाचा दाखला दारिद्र्य मोजतो, भेदभाव मोजत नाही.

न्यायालयातही हाच पेच होता. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हत्येमागे सूड असल्याचे मानले आणि फाशीऐवजी 25 वर्षांची सक्तमजुरी दिली. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, पण जात सिद्ध झाली नाही. तेव्हा गंभीर गुन्ह्यांत 'जातीच्या कारणावरून' हे सिद्ध करावे लागे. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्याजागी पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत असणे पुरेसे धरले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. एका गावात कोण कोणाला ओळखत नाही?

म्हणून कार्यकर्त्यांचे काम फिर्यादीपासूनच सुरू होते. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे 2018 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच हवा. फिर्यादीत बांधाचा, पाण्याचा किंवा रस्त्याचा वाद जरूर लिहा, पण त्याबरोबर शिवीगाळ, बहिष्कार, धमकी आणि ओळख हेही लिहा. नाहीतर उद्या तोच कागद 'हा तर शेतीचा वाद होता' असे सांगेल.

भैयालाल भोतमांगे 20 जानेवारी 2017 रोजी गेले. हा जातीचा गुन्हा होता, असे न्यायालयाने म्हटलेले ऐकायला त्यांना मिळाले नाही. आपल्या अभ्यासिकेत पुढच्या वेळी 'दारिद्र्य' हे प्रकरण उघडाल, तेव्हा त्यांची गोष्ट शेजारी ठेवून वाचा.

जयभीम.