छोट्या प्रणालीत आपली लिपी बसेल का?

जुन्या संगणकांसाठी हौसेने ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे लोक जगभर आहेत. ‘कोलिब्री’ त्यातलीच एक, 1.44 एमबीच्या फ्लॉपीत मावते, 8 एमबी मेमरीवर चालते. अशा कामात खरा प्रश्न एकच असतो: काय ठेवायचे आणि काय वगळायचे?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून माझे मत स्पष्ट आहे. लिपी वगळू नका. पीसीच्या साध्या टेक्स्ट मोडमध्ये 256 ठरावीक आकार आणि प्रत्येकाला सारखाच चौकोन असतो. इंग्रजीला तेवढे पुरते. पण ‘कि’मधली पहिली वेलांटी बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी दिसते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते; तिचा ‘बे’ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा दिसतो. हे ‘नंतर जोडू’ म्हटले, तर कर्सरपासून छपाईपर्यंत सगळे पुन्हा लिहावे लागते.

एकेकाळी भारतीय लिपींसाठी पीसीत सी-डॅकचे जिस्ट कार्ड वेगळे बसवावे लागे. 1991च्या ‘इस्की’ संकेतात देवनागरी आली, उर्दू बाहेर राहिली. आज युनिकोडमध्ये दोन्ही शेजारी आहेत. मग सबब कसली?

आमच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी असा प्रकल्प जरूर घ्यावा. ॲनिमेशन, रंगीत पडदे खुशाल वगळावेत. पण आपल्या मुलांना स्वतःचे नाव मराठीत आणि उर्दूत लिहिता येत नसेल, तर ती प्रणाली कितीही हलकी असली तरी त्यांच्या उपयोगाची नाही.