घर बदलले, जाल तुटले

जालन्यात राहून आंतरजाल मिळायला उशीर व्हावा, ही गंमतच म्हणायची. पण गंमत बाजूला ठेवून आज एक मुद्दा मांडतो.

घर बदलले तरी विजेचे मीटर त्या घरातच राहते. नव्या माणसाने बटण दाबले की दिवा लागतो. नळाचेही तसेच. इंटरनेट मात्र कपाट-पलंगासारखे माणसाबरोबर टेंपोत चढते. माझे म्हणणे एवढेच, की ही वाट घराची असावी, राहणाऱ्याची नव्हे.

पूर्वी टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. पण एकदा तार घरात आली की आली. २००५ साली बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केले तेव्हा त्याच तांब्याच्या तारेवरून इंटरनेट आले, नवे भोक पाडावे लागले नाही. आताचे फायबर काचेचे. फार वाकवले तर आतला प्रकाश गळतो, तुटले तर पीळ देऊन भागत नाही, यंत्राने सांधावे लागते. शिवाय प्रत्येक कंपनीची वायर वेगळी. म्हणून दर वेळी खांबापासून नवी वायर, भिंतीला नवे भोक आणि घरमालकाची नवी विनवणी!

आम्ही नव्या जागेत आलो तेव्हा कंपनीचा मुलगा म्हणाला, "सर, गल्लीत बॉक्स आहे, पण पोर्ट शिल्लक नाही." पोर्ट मिळाले तेव्हा मालक म्हणाले, भिंतीला भोक नको. दोघेही आपापल्या जागी बरोबर. बारा दिवस गेले.

कोणी म्हणेल, मोबाईल आहे की! आहे ना. आम्हा पेन्शनरांचा हयातीचा दाखलासुद्धा आता मोबाईलला चेहरा दाखवून निघतो. पण मोबाईल एका माणसाचा असतो, घराचा नसतो. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा आपण हे पाहिले. बाप कामावर गेला की फोन त्याच्या खिशातून जाई आणि मुलीचा वर्ग तिथेच थांबे. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना याची झळ सर्वांत जास्त बसते, हे मास्तर म्हणून मला अधिक टोचते.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०११ साली मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठीच आहे. २०२४ साली 'ट्राय'ने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियम केले, पण तारांकन घेणे ऐच्छिक. पंचायतीपासून किंवा खांबापासून उंबऱ्यापर्यंतची शेवटची शंभर पावले कोणाची, हा प्रश्न उरतोच.

उपाय फार खर्चाचा नाही. २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली. तिने बांधकाम परवाना देताना एक अट घालावी: विजेच्या पाइपाशेजारी, रस्त्यापासून प्रत्येक घरापर्यंत, फायबरसाठी एक रिकामा पाइप. मग कंपनी कोणतीही येवो, वायर त्यातून ओवायची. भिंत शाबूत, मालक खूश, भाडेकरूची पायपीट वाचली.

घर बांधताना देवघराची जागा आपण आधी ठरवतो. आता या एका पाइपाचीही ठरवू या.