ऑक्झिंडेनने सुरत वाचवली नाही

शिवाजी महाराजांच्या तडाख्यातून सुरत वाचवली ती इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडेन याने, ही कथा इंग्रजांनी रुजवली आणि आपल्याकडेही ती निमूट उगाळली जाते. ती साफ चुकीची आहे.

६ ते १० जानेवारी १६६४ या लुटीच्या दिवसांत सुरतेचे वाचले काय? शहराचा मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. धनाढ्य व्यापारी वीरजी व्होराच्या वाड्यातली संपत्ती गेली, शहराचा मोठा भाग जळाला. वाचल्या त्या इंग्रज-डचांच्या वखारी. इंग्रज एकदा बाहेर पडून लढले खरे, पण ते वखारीलगतच्या व्यापारी हाजी सय्यद बेगच्या घरातून मराठ्यांना हुसकावण्यासाठी, कारण तिथून वखारीला धोका होता.

म्हणून ऑक्झिंडेन भेकड ठरतो का? मुळीच नाही. त्याला दाराआड लपलेला बनिया ठरवणारे आपले लेखकही तितकेच चुकतात. केंटमधल्या जमीनदार घराण्यातल्या या सरदारपुत्राला सुवाळीच्या बंदरात जहाजावर जाऊन बसणे सहज शक्य होते. त्याऐवजी खलाशी आणि नोकर मिळून सुमारे दोनशे माणसे घेऊन, ढोल-कर्णे वाजवत तो भर शहरातून फिरला आणि महाराजांनी मागितलेली खंडणी त्याने नाकारली. हे धैर्य मान्य केलेच पाहिजे.

मात्र हे धैर्य कशासाठी होते, याचे उत्तर त्यानेच देऊन ठेवले आहे. मराठे गेल्यावर मोगल सरदाराने त्याला वस्त्रे, घोडा आणि तलवार देऊ केली. हा मान शिपायाला शोभतो, आम्ही व्यापारी आहोत, आम्हांला व्यापारात सवलत हवी, असे त्याने सांगितले. जकातीत सवलत मिळालीही. ज्याने शिपाईपणाचा मान स्वतः नाकारला, त्याला नगररक्षक सेनापती करण्याचा अधिकार त्याच्या चरित्रकारांना कुणी दिला?

जुलै १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. कंपनीच्या स्ट्रेनशॅम मास्टरने वखार पुन्हा राखली आणि शहर पुन्हा लुटले गेले. सुरतेचे रक्षण ही मोगल बादशहाची जबाबदारी होती. ती पेलण्याची त्याची ताकद नाही, हे दोनदा उघड झाले, आणि महाराजांच्या स्वारीचा खरा राजकीय अर्थ इथे आहे. तो कंपनीला नेमका कळला. जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन, तहाची कलमे पक्की करायला आलेला कंपनीचा वकील होता हेन्री ऑक्झिंडेन, सर जॉर्जचा पुतण्या.