चिमूटभर दारूचा सामाईक धोका

काडतुसाच्या बुडाशी बसविलेली टोपी, जिला प्रायमर म्हणतात, मसुराच्या दाण्याएवढी असते. पण काडतुसातील सर्वांत भडक घटक तोच. बंदुकीच्या चापाने सोडलेला आघात होताच तिच्यातील मिश्रण पेटते आणि त्या ज्वाळेने मुख्य दारू पेट घेते. दिवाळीत मुले फोडतात त्या टिकल्यांचे तत्त्व हेच, भेद तीव्रतेचा.

अमेरिकेत रिकामी पितळी टरफले घरीच पुन्हा भरण्याचा छंद रूढ आहे. त्यामागचे अर्थकारण सरळ आहे: टरफल अनेकदा वापरता येते, म्हणून खर्च वाचतो. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकल्यावर आपल्याकडेही नेमबाजीचे आकर्षण वाढावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि त्या स्पर्धेतील .२२ काडतुसाला वेगळी टोपीच नसते. स्फोटक मिश्रण त्याच्या काठात असते. ते टरफल व्यवहारतः पुन्हा भरता येत नाही. एअर रायफलीला तर दारूच लागत नाही. म्हणजे बहुसंख्य होतकरू नेमबाजांच्या दृष्टीने ही बचत काल्पनिकच ठरते.

उलट धोका मात्र खराखुरा आहे. आधुनिक टोप्यांत बहुधा शिशाचे स्टिफनेट हे संयुग असते. आघात, घर्षण, उष्णता, इतकेच नव्हे तर अंगावरील स्थिरविद्युतेची ठिणगीही त्याला पुरते. एक टोपी फुटली तर डोळा जाऊ शकतो. बाटलीत सुट्या साठवलेल्या टोप्यांपैकी एक फुटली तर साऱ्या एकदम फुटतात आणि काचेचे तुकडे होतात. म्हणूनच जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथेही टोप्या मूळ खोक्यातच ठेवाव्यात, चष्मा लावावा, टोपी बसविताना जोर करू नये, न फुटलेली टोपी ठोकून काढू नये आणि शिशापायी हात धुवावेत, असे दंडक आहेत.

आपल्याकडे प्रश्न दंडकांच्याही आधीचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रेही येतात. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे बनविण्याचा परवाना नव्हे. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत धातुकाम होते, तर काडतुसे खडकी, वरणगाव येथील कारखान्यांत भरली जातात. ज्या कामासाठी शासनाला स्वतंत्र कारखाने, कुंपणे आणि प्रशिक्षित कामगार लागतात, ते चाळीच्या माळ्यावर होऊ शकेल, असे मानणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत एकाची भिंत ही दुसऱ्याचीही भिंत असते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांनी कारखान्याबाहेरच्या घरांच्याही काचा फोडल्या. नफा एकाचा आणि जोखीम शेजाऱ्याची, हा अर्थशास्त्रातला जुना अन्याय तेथे उघड झाला. घरगुती काडतूसभरणीत प्रमाण लहान असेल. हिशेब तोच आहे.

आजोबांच्या पेटीत जुनी काडतुसे वा टोप्या सापडल्यास त्या उघडू, खरवडू किंवा कचऱ्यात टाकू नयेत. हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. नेमबाजी संघांनीही नवोदितांना पहिल्याच दिवशी हा धडा द्यावा. वाचलेले चार पैसे एकाच घरात राहतात; फुटलेली टोपी मात्र भिंत ओळखत नाही.